छाटणीचं बटण

लवू दुबईहून आला आणि त्यानं टेपरेकॉर्डर आणला नाही, हे खैरकोंडच्या लोकांना आधी कळलं आणि मग बरेच दिवस खुपलं. दोन वर्षं वाळवंटात पाइप पुरणाऱ्या कंपनीत राबलेला माणूस घरी आणतो काय, तर एक दांडा, दांड्याच्या टोकाला भाकरीएवढी तबकडी आणि वर दोन बटणांची पेटी. हातखंब्याच्या फाट्यावर एसटीतून उतरला तेव्हा चहावाल्यानं विचारलंही, "लादी पुसायचा काय हाय ता?" दांडा खांद्यावर टाकून लवू सहा मैल चालत घरी आला.

घरी त्याची आई येसूबाई खळ्यात बसून माडाच्या हिरांची केरसुणी बांधत होती. लवूनं पेटीत सेल घातले, कानाला पट्टा लावला आणि तबकडी खळ्यावरून फिरवली. यंत्रानं असा गळा काढला की गोठ्यातल्या पाडीनं दावं ताणलं.

"रडतंय कशाला?" येसूबाईनं विचारलं.

"खाली जांभा ना, आये. जांभ्यात लोखांड. लोखांड दिसला का ह्यो वरडतो." लवूनं दुसरं बटण फिरवलं. त्याच्याभोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे होते. "सायब ह्याला छाटनीचा बटन म्हनायचा. जेवडा वर न्यावा तेवडा हलका माल ह्यो सोडून देतो. आधी लोखांड सोडतो, मग पत्रा, मग सिगरेटच्या पाकिटातली चांदी. सहावर ठेवला तर रुपया नायतर चांगला जाडा सोना, तेवड्यालाच बोलतो."

त्यानं बोटातली दुबईची अंगठी मातीत टाकली आणि तबकडी नेली. यंत्र एकदाच, ठसठशीत बोललं. शेजारी कोयता पडला होता, त्याच्यावरून तबकडी गेली तर यंत्र गप्प.

येसूबाई बघत राहिली. "म्हंजे लोखांडाला वाळीत टाकतो."

"तसाच म्हन."

"समोर पडला असला तरी बगत नाय."

"नाय."

"तर मग आपल्या गावकीचाच मानूस तो," येसूबाई म्हणाली आणि तिनं हिरांची गाठ दातानं आवळली.

वाळीत म्हणजे काय, ते येसूबाईनं अकरा वर्षं पुस्तकासारखं वाचलं होतं. पंच्याहत्तर सालचा शिमगा. वाघजाईची पालखी तिच्या खळ्यात नाचली, येसूबाईनं ओटी भरली, देवीच्या चांदीच्या मुखवट्याला हळद लावली. तिथून पालखी रावजीच्या मळ्यात शेरणं काढायला गेली. शेरणं म्हणजे जमिनीत पुरलेला नारळ. कुठं पुरला ते पालखीवाल्यांना माहीत नसतं. देवी खांद्यावरून ओढ घेते, जागा दाखवते आणि पालखी तिथं वाकते. त्या वर्षीही वाकली, नारळ निघाला, ढोल वाजले. सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यावर, परत आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की देवीच्या नाकातली नथ नाही. रावजीच्या आज्यानं वाहिलेली, दोन तोळ्यांची नथ. कंदील घेऊन थोडा वेळ मळा धुंडाळला. मग रावजी म्हणाला, शेवटचा हात देवीच्या तोंडाला कुणाचा लागला ते सगळ्यांनी पाहिलंय.

रावजी गावकीतला पहिला मानकरी, पालखीचा पुढचा खांदा त्याचा. त्याच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. येसूबाईच्या घरचा विस्तव बंद झाला, पाणी बंद झालं, लावणीला माणूस बंद झालं. तिसऱ्या वर्षी तिचा नवरा शिवा आषाढात तापानं गेला. गाव लावणीत वाकलेलं होतं. लवू मुंबईहून खोलीतले तीन सोबती घेऊन आला, आणि त्या चौघांनी तिरडी उचलली. गिरणीत राबणारी पोरं ती, त्यांना चिखलातली वाट कुठली माहीत. पऱ्यात, ओढ्यात, उतरताना एकाचा पाय घसरला आणि शिवा चिखलात पडला. येसूबाईनं त्याला पऱ्याच्या पाण्यात धुवून पुन्हा तिरडीवर ठेवला. दोन्ही अंगांच्या कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत, माणसं होती. भाताच्या रोपांच्या मुठी हातात धरून ती खाली बघत राहिली.

येसूबाई ह्यातलं काहीही विसरली नव्हती. विसरायचा तिचा इरादाही नव्हता.

रूपं लागायला, म्हणजे देवीचे मुखवटे पालखीत बसवायला, सहा दिवस उरले होते. रविवारी सकाळी गावकी सहाण सारवायला जमली तेव्हा लवू तिथं गेला. येसूबाईही गेली. सहाणेवर चढायची तिला बंदी, म्हणून फणसाखाली उभी राहिली.

"रावजीकाका," लवू म्हणाला, "मना मळ्यात यंत्र फिरवू द्या. नथ तितंच पडली असंल."

रावजी साठीचा, अंगानं रुंद, पानानं ओठ रंगलेले. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग लोकांकडे. "अकरा वर्सा नांगर फिरला तितं. चोराच्या उलट्या बोंबा म्हनतात त्या ह्याच."

"मग घाबरतांव कशाला?"

हे पोरानं चारचौघांत बोलायला नको होतं. रावजीनं पानाची पिंक टाकली. "घाबरतो कोन? फिरव. पाच दिस देतो. नाय मिळाली तर रूपा लागतील त्या दिशी येसूनं सहानेवर याचा, नारळ ठेवायचा आनि नाक घासून सांगायचा, नथ मी नेली म्हनून."

लवूनं आईकडे पाहिलं. येसूबाई फणसाखालून दोन पावलं पुढं आली. "कबूल हाय. आनि मिळाली तर?"

"मिळाली तर तू सांगशील ता करीन. मी आनि गावकी." रावजी हसला. "देवीच्या सहानेवर बोलतोय."

"सगळ्यांनी आयकला," येसूबाई म्हणाली.

शब्द फुकटात द्यायचा असला की माणसाचा हात फार सढळ असतो. रावजीनं तो दिला आणि सारवणाच्या घमेल्यात हात धुतले.

घरातलं काम थांबणारं नव्हतं. दाढीची भाजवळ व्हायची होती. जिथं भाताचं बी पेरायचं तो तुकडा पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून काढायचा. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात द्यायला, कुणी येत नसल्यामुळे लवूची बायको तुळसा एकटी कवळाचे, तोडलेल्या डहाळ्यांचे, भारे वाहत होती. तिच्या पापण्या धुरानं झडल्या होत्या. ती लग्न होऊन आली तेव्हा हे घर वाळीतच होतं. नऊ वर्षांत तिनं गावच्या विहिरीचं पाणी प्यायलं नव्हतं, खालच्या पऱ्यात डवरा खणून त्यातलं भरत होती. नवऱ्याला म्हणाली, "तुमी जावा मळ्यात. मी बगते हिकडचा. त्या बायांना माज्या दारात पानी मागायला येताना मना बगायचाय."

लवूनं बटण सहावर ठेवलं. मळ्यात भाताचे सड वाळून टोचरे झाले होते. तो एकेका कुणग्यात दोरी लावून पट्टे पाडी आणि बैल नांगराला चालतो त्या चालीनं जाई-येई. येसूबाई खुरपं आणि हारा घेऊन मागून चाले. रावजी बांधावर छत्री उघडून बसे. त्याच्याभोवती रिकामटेकडे बसत.

पहिल्या दिवशी यंत्र दोनदाच बोललं. एकदा जॉर्जचा पैसा निघाला, एकदा पितळेचं बटण. तेवढ्या वेळात त्यानं ऐनाच्या झाडाखालचा कुणगा, तिथला कोपरा, त्याच्या खालचा कुणगा, सगळं तुडवलं. जाणत्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी शेरणं ऐनाच्याच आसपास निघालं होतं. तिथं यंत्र गप्प होतं.

दुसरा दिवस कोरडा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळीच, वरच्या कुणग्यात, यंत्र मोठ्यानं बोललं. येसूबाई गुडघ्यांवर बसली आणि खणू लागली. माती सैल होती, हे तिच्या हातांना कळलं, पण तिच्या जिवाला कळून घ्यायचं नव्हतं. हातभर खाली पितळी लागली. बैलाच्या गळ्यातली फुटकी घंटा. रावजीचा पुतण्या रघू बांधावर आडवा पडून हसायला लागला.

"येसूकाकी, घंटी मिळाली. आता नथ मिळाली का पूजाच घाला."

सगळी हसली. रावजी हसला नाही, छत्रीचा दांडा फक्त गोल फिरवत राहिला. येसूबाईच्या नखांतून रक्त आलं होतं. लवू घंटा भिरकावणार, तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला.

"टाकू नको. निघंल ता हाऱ्यात टाक."

"आये, राती पुरून ही चेष्टा केलीन त्यानं."

"म्हनूनच. हाऱ्यात टाक."

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मळा दोनदा फिरून झाला. लवू खळ्यात येऊन बसला आणि त्यानं कानाचा पट्टा काढून भुईवर ठेवला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाय ती तितं. आसती तर बोलला आसता. दोन तोळा सोना सहावर सोडत नाय ह्यो."

तुळसा चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दोन तोळं कुनी तोलली?"

"काय?"

"सगळी म्हनतात दोन तोळं. तोलली कुनी? रावजीच्या आजानं सांगितला आनि गावानं मान डोलावली. ह्या गावाचा तोलना ठावं हाय मना."

येसूबाई उठली. दारातल्या खांबाला धरून उभी राहिली. तिचा उजवा हात हवेत वर आला. अकरा वर्षांमागं हळद लावायला आला होता तसाच.

"हालत व्हती," ती म्हणाली.

"काय हालत व्हती?"

"नथ. मी हळद लावली तवा खालून वारा आला, आनि नथ हालली. मना वाटला देवीनं नाक उडवला, म्हनून मी हात जोडलं." ती लवूकडे वळली. "दोन तोळ्याचा सोना वाऱ्यानं हालतंय?"

तुळसानं पिठाचे हात पदराला पुसले, आत गेली आणि ट्रंकेतून आपली लग्नातली नथ घेऊन आली. पोकळ तारेची, तीन खोटे मोती. तिच्या बापानं घेता येईल तेवढीच घेतली होती. लवूनं ती मातीत ठेवली. बटण सहावर. तबकडी गेली, यंत्र गप्प. पाच, गप्प. चार, तीन, दोन, गप्प. एकावर काहीतरी खरखरलं. शून्यावर यंत्र बोललं, बारीक, रडक्या आवाजात.

"लोखांडाबरोबर सोडतो ह्यो तिला," लवू म्हणाला. "पैल्या दिशीच तिच्यावरना गेलो आसंन मी."

"मग शून्यावर ठेव."

"आये, शून्यावर ठेवला तर सगळ्यालाच बोलंल. जांभा बोलंल, खिळा बोलंल, बैलाचा नाल बोलंल. दर हाताला खनावा लागंल. एक दीस हाय हातात."

"खनू," येसूबाई म्हणाली. "वाळीत कुनालाच टाकायचा नाय. सगळ्यांचा आयकायचा."

पाचव्या दिवशी तिघंही उजाडताच मळ्यात होती. भाजवळ अर्धी राहिली ती राहिली. मळा सगळा खणणं शक्य नव्हतं, म्हणून लवूनं फक्त ऐनाभोवतीचे दोन कुणगे धरले. पेटीचं पहिलं बटण कमी करून त्यानं जांभ्याची ओरड थोडी दाबली आणि छाटणीचं बटण शून्यावर आणलं. मग जे सुरू झालं ते त्याला आयुष्यात पुन्हा ऐकायचं नव्हतं. यंत्र थांबेचना. लवू जागा दाखवी, पुढं सरके. मागून सासू-सुना खणत. खिळा. बैलाचा नाल. पुन्हा नाल. मोडका विळा. नांगराच्या फाळाचं टोक. बांधाच्या बुडातून गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली, दोन तुकड्यांत, एकेक तुकडा तुळसाला दोन्ही हातांनी उचलावा लागला. येसूबाईनं खिळासुद्धा सोडला नाही. दुपारपर्यंत दोन हारे भरले.

बांधावरची मंडळी आज फारशी हसत नव्हती. रावजी मात्र दुपारी जेवून आला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "भंगाराचा धंदा काढलाय काय? उद्या नाक घासायला तरी येळ ठेव, येसू."

येसूबाईनं वर पाहिलं नाही. तिच्या पाठीचा कणा ठणकत होता. ऊन ऐनाच्या बुंध्याशी आलं होतं.

तीनच्या सुमाराला, बांध आणि ऐनाच्या मुळीच्या बेचक्यात, लवू थांबला. तबकडी पुढं नेली, मागं आणली. आवाज इतका बारीक होता की डास कानाशी आल्यासारखा वाटला. तो नुसता बोट दाखवून उभा राहिला. तुळसानं खुरप्यानं माती उकरली, मग खुरपं टाकून बोटांनी. मुळीनं काहीतरी धरून ठेवलं होतं. तिनं मूळ तोडलं आणि मातीचं ढेकूळ सासूच्या ओंजळीत ठेवलं.

येसूबाईनं ढेकूळ अंगठ्यानं फोडलं. तार चेपलेली, एक मोती शाबूत, लाल खडा जागच्या जागी. तिनं ती पदरानं पुसली, बोटांच्या चिमटीत धरली आणि फुंकर घातली. नथ हालली.

बांधावरची माणसं एकेक करून खाली उतरली. रघू सगळ्यांत पुढं. त्यानं नथ तळहातावर घेतली, खालीवर केली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ह्या दोन तोळं? ही गुंजभर पन नाय." मग त्याला काकाची आठवण झाली आणि तो गप्प बसला. पण ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं. आज्याचा मान गेला. आणि नथ सापडली ती शेरण्याच्या जागी, जिथं पुढच्या खांद्यानं पालखी वाकवली होती. पुढचा खांदा कुणाचा, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. रावजीला हे आधीपासून माहीत होतं की नाही, ते वाघजाईला ठाऊक. त्यानं छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी सहाणेवर बसली. येसूबाईला वर बोलावलं. तिनं नथ पानावर ठेवली. रावजीनं हात जोडले. रात्रभर त्यानं शब्द जुळवले असावेत.

"येसूवयनी, झाला ता झाला. देवीचीच परीक्षा ती. औंदा पालकी पैली तुज्या खळ्यात. गावकीतर्फे साडीचोळी. तुज्या घरचा विस्तव आजपासून सुरू."

माना हलल्या. गावाच्या दृष्टीनं हे भरपूर होतं. अकरा वर्षांचं दुखणं एका लुगड्यात गुंडाळायला गाव नेहमीच तयार असतं.

"मी सांगंन ता करनार म्हनालावतास," येसूबाई म्हणाली.

"हां. सांग की."

"तिरडी बांधा."

रावजीचे जोडलेले हात खाली आले.

"माज्या घवाला ह्या गावानं खांदा दिला नाय. आज द्याचा. माज्या खळ्यातून मसनवटीपातूर. पुडचा खांदा तुजा. बाकीचं तीन तुज्या घरचं."

"वयनी, मानूस जावन आठ वर्सा झाली. आज रूपा लागायची. सनाच्या दिशी रिकामी तिरडी म्हंजे अपशकुन."

"रिकामी कशाला? माजा घव हलका नव्हता." तिनं लवूकडे पाहिलं. "हारं आन."

रावजीनं लोकांकडे पाहिलं. काल त्याच्याबरोबर बांधावर बसलेली माणसं आज सहाणेची सारवलेली भुई बघत होती. एक म्हातारा खाकरून म्हणाला, "शब्द सहानेवर दिलाव, रावजी." येसूबाईला तो शब्द अकरा वर्षं उशिरा ऐकू आला, पण आला.

तिरडी रघूनं बांधली, कारण येसूबाईनं त्याचंच नाव घेतलं. लवूनं वर शिवाची जुनी घोंगडी पसरली आणि दोन्ही हारे ठेवले. चाकाची धाव, फाळ, नाल, विळे, खिळे आणि सगळ्यांच्या वर फुटकी घंटा. चौघांनी उचलली तेव्हा बांबू करकरले. रावजी पुढं. लवू विझकं मडकं घेऊन त्याच्याही पुढं. बायका मसनवटीत जात नाहीत, पण येसूबाई मागून चालू लागली आणि तिच्यामागं तुळसा. त्यांना अडवायला कुणी आलं नाही.

दारादारांत माणसं उभी होती. आज खाली बघायला हातात भाताच्या मुठी नव्हत्या. घंटा दर पावलाला ठणकत होती. पाणंद संपेपर्यंत रावजीचा सदरा पाठीला चिकटला. वडापाशी तो थांबला.

"खांदा बदलू दे, वयनी. धाप लागलीय."

"बदलायला तवा मानूस नव्हता," येसूबाई म्हणाली. "चल."

तो चालला. पऱ्यात फाल्गुनात पाणी थोडंच असतं, पण गुरांनी काठ तुडवून चिखल केला होता. उतारावर रावजीचा पाय सरकला, गुडघा टेकला आणि तिरडी एका अंगाला कलली. एक हारा उलटला. धाव पाण्यात गेली, नाल आणि खिळे चिखलात विखुरले. रावजी हातापायांवर होता, धोतर चिखलानं भरलेलं. उठायचा प्रयत्न करत त्यानं वर पाहिलं.

बरोबर इथंच शिवा पडला होता. येसूबाईचं तोंड अजिबात बदललं नाही. एवढा आनंद आपल्याला होतोय ह्याची तिला लाजही वाटली नाही.

"उठू नको," ती म्हणाली. "उचल. मी धुवून उचललावता. तू पन धुवून उचल. एकेक."

रावजी चिखल चाचपू लागला. मोठे तुकडे हाताला लागले, ते त्यानं पाण्यात खळबळून हाऱ्यात टाकले. थोडे नालही सापडले. मग हाताला काही लागेना. त्यानं हात जोडल्यासारखे केले.

"झाला, वयनी. सगळा झाला."

येसूबाई काठावरच्या दगडावर बसली. पदर कमरेला खोचला.

"तुळशे," ती म्हणाली, "घरी जा आनि यंत्र आन. बटन शून्यावरच राहू दे."